गॉर्टिनच्या भिंतीपर्यंत: एका उन्हाळी अनुदानाची हकिगत

ग्रीक आणि लॅटिन शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रवासासाठी आणि अभ्यासासाठी पैसे मिळू शकतात, हे मला दुसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात मी क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन भाषा आणि संस्कृती, हा मुख्य विषय घेतला होता. तिसरं वर्ष संपल्यावर विभागाच्या अनुदानावर मी ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या गॉर्टिनला जाऊन आले. अर्जापासून अहवालापर्यंत काय काय घडलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयाकडे वळणाऱ्या मराठी मुलामुलींना जवळपास विचारायला सहसा कुणी नसतं.

आधी पैसे कुठून येतात ते. काही अनुदानं ठरलेल्या कार्यक्रमांना जाण्यासाठी असतात. अथेन्समध्ये १८८१ साली स्थापन झालेली अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज आहे, तिचं सहा आठवड्यांचं उन्हाळी सत्र प्रसिद्ध आहे. रोममधल्या अमेरिकन अकादमीची क्लासिकल समर स्कूल १९२३ पासूनची. नेपल्सजवळ कूमाई इथे व्हर्जिलियन सोसायटीचे अभ्यासदौरे होतात. ईटा सिग्मा फाय ही क्लासिक्सच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना आपल्या सभासदांना अशा कार्यक्रमांसाठी शिष्यवृत्त्या देते. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांसाठी १८८६ ची ब्रिटिश स्कूल ॲट अथेन्स आहे, तिचा ग्रीसच्या पुरातत्त्वावरचा उन्हाळी अभ्यासक्रम खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच असतो. उत्खननाला जायचं असेल तर आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाची जेन वाल्डबॉम यांच्या नावाची शिष्यवृत्ती पाहावी, ती पहिल्यांदाच उत्खननात उतरणाऱ्यांसाठी आहे. आणि शेवटी विभागाचे, कॉलेजचे स्वतःचे निधी. कुणा माजी विद्यार्थ्याने किंवा निवृत्त प्राध्यापकाच्या स्मरणार्थ कुटुंबाने ठेवलेले. यांची जाहिरात फारशी होत नाही, पण स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतंत्रपणे जायचं असेल तर बहुधा हेच उपयोगी पडतात. रक्कम काहीशे डॉलरपासून दोन-चार हजारांपर्यंत असते. काही निधी फक्त नागरिकांसाठी असतात, तेव्हा पात्रतेचं कलम सगळ्यात आधी वाचावं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. भाषा कच्ची असेल तर पहिल्या उन्हाळ्यात प्रवासाचा नाद सोडून भाषेच्या सघन वर्गासाठी अनुदान मागावं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तेच केलं. दोन सत्रांचं ग्रीक तिने एका उन्हाळ्यात पुरं केलं, आणि नंतरच्या वर्षी ती आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. दगडावरची अक्षरं तुम्हाला वाचता येत नसतील तर दगडापुढे उभं राहून हाती फार थोडं लागतं.

मला गॉर्टिनला का जायचं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गॉर्टिन हे क्रीटच्या दक्षिण भागात, मेसारा नावाच्या मैदानातलं प्राचीन नगर. तिथल्या एका भिंतीवर इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला कायदा कोरलेला आहे. मजकुराचे बारा स्तंभ, म्हणजे उभे रकाने, आणि सहाशेच्या आसपास ओळी. १८८४ मध्ये फेदेरिको हाल्बहेर या इटालियन अभ्यासकाला तो पाणचक्कीच्या पाटात सापडला. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे, शेतात नांगर वळवत जाणाऱ्या बैलांसारखी. वारसा, दत्तक, घटस्फोट, दासांचे हक्क, असं सगळं त्यात आहे. नवरा-बायको वेगळे झाले तर बायकोने स्वतःचं म्हणून आणलेलं धन तिचंच, त्या धनातून आलेल्या उत्पन्नाचा अर्धा वाटा तिचा, घरात तिने जे विणलं असेल त्यातलं निम्मं तिचं, आणि दोष नवऱ्याचा असेल तर वर पाच स्टेटर, म्हणजे तेव्हाची नाणी. हे कलम वर्गात वाचलं तेव्हा माझ्या मनात एकच विचार घोळत राहिला: जिने ते कापड विणलं, तिला हा कायदा दिसत होता का?

अर्जातल्या प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी ग्रीक कायद्याबद्दल, स्त्रियांच्या स्थितीबद्दल बरंच लिहिलं होतं. आमच्या प्राध्यापक बाईंनी तो वाचला आणि समासात एकच वाक्य लिहिलं: ‘याचं उत्तर ग्रंथालयात का मिळत नाही?’ पुढचे कितीतरी दिवस मी त्या वाक्यापाशी होते. संहिता छापलेली आहे, मार्गारिता ग्वार्दुच्ची यांनी संपादित केलेल्या क्रीटच्या शिलालेखांच्या चौथ्या खंडात ती आहे, इंग्रजी भाषांतरं आहेत, छायाचित्रं आहेत. मग विमानाचं तिकीट कशाला? अनुदान देणाऱ्या समितीलाही नेमकं हेच विचारायचं असतं. आपल्याला वाटतं, चांगले गुण मिळवले म्हणून हे बक्षीस मिळतं. प्रत्यक्षात पैसे प्रश्नासाठी मिळतात, आणि तो प्रश्नही असा हवा की जागेवर गेल्याशिवाय त्याची उकल होऊ नये.

माझा प्रश्न हळूहळू आकाराला आला तो असा. छापील पुस्तकात सगळ्या ओळी सारख्याच वाटतात, ओळ क्रमांक पाच काय आणि पन्नास काय. भिंतीवर मात्र काही ओळी डोळ्यांच्या उंचीवर येतात, काही पायांपाशी. कुठलं कलम कुठे पडतं? उभ्या माणसाला ते वाचायला काय करावं लागतं? यावर बाईंनी आणखी एक अडचण दाखवली. ही भिंत मूळ जागी नाही. रोमन काळात तिचे दगड ओडिऑन या छोट्या सभागृहाच्या बांधकामात वापरले गेले, आणि आज आपण पाहतो ती ओडिऑनमधली भिंत. म्हणजे पाचव्या शतकातला चौक कसा होता, बाया तिथून जात होत्या का, हे या भिंतीवरून सांगता येणार नाही. पण एका दगडावरून दुसऱ्यावर मजकूर अखंड चालू राहतो, त्यामुळे ओळींची एकमेकींच्या सापेक्ष उंची तीच उरली आहे. प्रस्तावात मी हे दोन्ही स्पष्ट लिहिलं: काय कळू शकेल आणि काय कळणार नाही. माझ्या मते सगळ्या अर्जात हा परिच्छेद सर्वांत जास्त कामाला आला.

परवानगीचा मुद्दाही तिथेच मांडला. भिंतीपुढे लोखंडी जाळी आहे, पर्यटक जाळीबाहेरून पाहतात. आत जाऊन मोजमाप घ्यायचं तर ग्रीक सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते, ती पदवीच्या विद्यार्थिनीला एका उन्हाळ्यासाठी मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी लिहिलं की परवानगी मागणार नाही, जाळीबाहेरून सर्वांना जे दिसतं तेवढ्यावरच काम करीन. तसंही माझा प्रश्न बाहेर उभ्या असलेल्या माणसाचाच होता.

शिफारसपत्रांसाठी दोन प्राध्यापकांना मी डिसेंबरची सुट्टी लागायच्या आधीच विचारलं, अंतिम तारीख फेब्रुवारीत होती. विचारताना सोबत प्रस्तावाचा मसुदा, गुणपत्रिका, आणि त्यांच्या वर्गात लिहिलेला एखादा निबंध द्यावा. शिफारस करणाऱ्याला आपण चांगले आहोत एवढंच लिहावं लागू नये. ही मुलगी अमुक शिलालेख मूळ लिपीत वाचू शकते, असं ठोस काही लिहिता यावं, म्हणून त्याची सामग्री आपणच त्याच्या हाती ठेवायची. क्रीटच्या त्या जुन्या लिपीत फ साठी प आणि ख साठी क वापरतात, ओमेगा नाहीच. हे मी आदल्या सत्रात शिकले होते, आणि एका शिफारसपत्रात त्याचा उल्लेख होता असं पुढे मुलाखतीत कळलं.

अंदाजपत्रकाकडे मुलं शेवटच्या रात्री वळतात. माझं म्हणणं असं की प्रस्तावातला युक्तिवाद तिथेही चालूच असतो. अथेन्स आणि क्रीट यांच्यात मी विमानाऐवजी पिरियसहून हेराक्लिऑनला जाणारी रात्रीची बोट धरली, त्यामुळे एका रात्रीचं भाडं वाचलं. हेराक्लिऑन ते गॉर्टिन साधारण पंचेचाळीस किलोमीटर, मिरेसकडे जाणारी सार्वजनिक बस गॉर्टिनजवळच्या आयी देका या गावावरून जाते, तेव्हा गाडी भाड्याने घेण्याची गरज नव्हती. संग्रहालयं आणि स्थळांची प्रवेशशुल्कं, आरोग्यविमा, व्हिसाचं शुल्क, छायाप्रती, सगळं वेगवेगळ्या ओळींत. विद्यार्थ्यांना सगळीकडे मोफत प्रवेश असतो असं धरून चालू नये. सवलत बरेचदा वयावर आणि युरोपीय संघातलं शिक्षण वा नागरिकत्व यांवर अवलंबून असते. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहावं. खर्च मुद्दाम कमी दाखवू नये. समितीत बसलेली माणसं स्वतः अशा प्रवासांना गेलेली असतात, अवास्तव स्वस्ताई त्यांना लगेच कळते.

समितीतले सगळेच क्लासिक्सचे नव्हते. मुलाखतीत एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, एक इतिहासाच्या बाई, आणि आमच्या विभागाचे एक ज्येष्ठ. भौतिकशास्त्राच्या सरांनी सर्वांत सरळ प्रश्न विचारला: ‘तुझं म्हणणं चुकीचं निघालं, तर ते तुला तिथे कशावरून कळेल?’ मी सांगितलं की एखादं महत्त्वाचं कलम गैरसोयीच्या जागी आलं असेल, तर कायदा कोरताना वाचकाच्या सोयीचा विचार झाला होता हे म्हणणं टिकणार नाही, आणि तसं असेल तर मी तसंच लिहीन. इतिहासाच्या बाईंनी विचारलं, या कायद्याचा एक तुकडा १८५७ मध्येच सापडला होता, तो पॅरिसला लूव्रमध्ये आहे, मग तिकडे का नाही जात? त्याचं उत्तर सोपं होतं, एकटा तुकडा भिंतीवरची आपली जागा दाखवू शकत नाही. या दोन प्रश्नांनी मला खूप आनंद झाला, आजही होतो. तीन मोठी माणसं माझ्या प्रश्नावर खरोखर विचार करत होती.

निकाल एप्रिलमध्ये आला. मागितली होती त्यापेक्षा कमी रक्कम मंजूर झाली. असं वारंवार होतं, म्हणून मी प्रस्तावातच प्रवासाची लांब आणि आखूड अशी दोन रूपं दिली होती. आखूड रूपात फायस्तोसच्या महालाला आणि आसपासच्या स्थळांना भेट देणं गळत होतं, गॉर्टिन आणि अथेन्सचं शिलालेख संग्रहालय मात्र शाबूत होतं. पुढे कॉलेजच्या दुसऱ्या एका छोट्या निधीतून थोडी भर पडली. एकाच कामासाठी दोन ठिकाणांहून पैसे घेताना दोघांनाही ते कळवायचं असतं. बहुतेक अर्जात तसा रकानाच असतो.

पैसे हातात कसे पडणार हा मुद्दा अर्ज करतानाच विचारून घ्यावा. काही निधी आगाऊ देतात, काही पावत्या दाखवल्यावर परतफेड करतात. ज्या विद्यार्थ्याजवळ शिल्लक नाही त्याला परतफेडीचं अनुदान जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि हे मला खरंच अन्यायाचं वाटतं. विभागाच्या सचिव बाईंशी बोलल्यावर तिकिटाची रक्कम कॉलेजने परस्पर भरली. विचारलं तर असा मार्ग निघू शकतो, पण नियमावलीत तो लिहिलेला नसतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी याहून अवघड भाग व्हिसाचा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. अर्जासोबत खर्चाची तरतूद दाखवायची असते. माझी तरतूद म्हणजे अनुदानाचं पत्र, ते एप्रिलमध्ये येणार, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा भरभर संपतात. म्हणून मी भेटीची वेळ मेच्या सुरुवातीची आधीच घेऊन ठेवली, बाकीची कागदपत्रं जमवून ठेवली आणि पत्र आल्या दिवशी त्यात घातलं. विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. अमेरिकेत परत येण्याची कागदपत्रंही तेवढीच महत्त्वाची: एफ-वन या विद्यार्थी व्हिसाचा शिक्का मुदतीत हवा आणि आय-ट्वेंटी या कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर कॉलेजच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही एका वर्षाच्या आतली हवी. माझ्या बरोबरीच्या अमेरिकन मुलांना यातलं काहीच करावं लागत नव्हतं. प्राध्यापकांनाही या वेळापत्रकाची कल्पना नसते, त्यांना आपण सांगावं लागतं. मी सांगितलं, आणि अनुदानाचं अधिकृत पत्र लेटरहेडवर, रक्कम आणि तारखांसकट मला लगेच मिळालं.

गॉर्टिनला मी सकाळी लवकर पोहोचायचे, कारण जूनअखेर मेसाराच्या मैदानात दुपारी उभं राहणं कठीण असतं. आत शिरल्यावर आधी संत टायटसच्या नावाच्या पडक्या चर्चची कमान लागते, मग ओडिऑन, आणि त्याच्या मागे विटांच्या कमानींखाली ती भिंत. छायाचित्रांनी माझी तयारी झाली आहे असं वाटलं होतं. पण साधारण माणसाच्या उंचीचा आणि नऊ मीटरच्या आसपास लांबीचा तो अक्षरांचा पट्टा नजरेत एका वेळी मावत नाही. वाचायचं म्हणजे उजव्या टोकापासून सुरुवात करून पावलापावलाने डावीकडे सरकायचं, कारण स्तंभांचा क्रमही उजवीकडून डावीकडे आहे. छापील संहिता हातात धरून मी ओळीने ओळ मिळवत गेले. अक्षरं इतकी स्वच्छ आहेत की जाळीबाहेरूनही बराचसा मजकूर लागतो.

मग ते कलम. नवरा-बायको वेगळे झाले तर, ही सुरुवात दुसऱ्या स्तंभात, ओळ पंचेचाळीसपासून. स्तंभात ओळी पन्नासच्या थोड्या वर. म्हणजे सुरुवात अगदी तळाशी, आणि कलमाचा उरलेला भाग शेजारच्या तिसऱ्या स्तंभाच्या माथ्यावर. पुस्तकात हे एक सलग वाक्य आहे, त्याच्यावरून मी कितीदा तरी गेले होते. इथे मला आधी वाकावं लागलं, मग मान वर करून डावीकडे वळावं लागलं. ओळींचे क्रमांक माझ्याकडे पहिल्यापासून होते, कागदावर हिशेब करून हे काढता आलंही असतं, पण भिंतीपुढे शरीर वळवावं लागेपर्यंत त्याचं महत्त्व माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्या माणसाला आपलं कलम कुठे आहे हे आधीच माहीत नाही, त्याला ते या भिंतीवर शोधून काढणं फार जड जाईल.

भौतिकशास्त्राच्या सरांना दिलेलं उत्तर इथे खरं करायची वेळ आली. वाचकाच्या सोयीसाठी कलमांची मांडणी केली असावी, या कल्पनेला भिंतीने आधार दिला नाही. मजकूर जिथे संपला तिथून पुढचा सुरू झाला, एवढंच. पण त्याच कायद्यात एक अधिकारी येतो, म्नामोन, न्यायाधीशाजवळ राहून झालेल्या निवाड्यांची आठवण ठेवणारा. वर्गात आम्ही त्याच्यावरून झरकन पुढे गेलो होतो. भिंतीपुढे त्याचं काम मला पहिल्यांदा नीट दिसलं. कायदा कोरल्यावरही गॉर्टिनच्या लोकांना लक्षात ठेवणारा माणूस लागत होता, तर त्या विणणाऱ्या बाईला कायदा डोळ्यांनी कळण्यापेक्षा कानांनी कळण्याची शक्यता अधिक.

परतताना अथेन्समध्ये शिलालेख संग्रहालयात गेले. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या शेजारीच ते आहे आणि तिथे बहुतेक वेळा शांत, निवांत असतं. अथेन्सचा प्राचीन कायदेकर्ता ड्रेको याच्या मनुष्यवधाच्या कायद्याची इसवी सनपूर्व ४०९-४०८ मध्ये पुन्हा कोरलेली शिळा तिथे आहे. अक्षरं उभ्या-आडव्या रांगांत काटेकोर बसवलेली, पण झिजून इतकी पुसट की बाजूने प्रकाश पडल्याशिवाय वाचता येत नाहीत. अथेन्सच्या लोकांनी तो कायदा पुन्हा कोरताना तो कुठे उभा करायचा तेही शिळेवरच लिहून ठेवलं आहे: राजस्तोआ या खांबांच्या सार्वजनिक इमारतीसमोर. गॉर्टिनच्या भिंतीबद्दल आपल्याला नेमकं तेच हवं होतं. प्रस्तावात ही तुलना मी एका ओळीत टाकली होती, अहवालात तिला एक पूर्ण भाग लागला.

अहवाल सप्टेंबरअखेर द्यायचा होता. त्यात तीन गोष्टी मागतात: काय केलं, किती खर्च झाला, आणि पुढे याचं काय करणार. मी मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी मांडले. बोट आणि बसमुळे थोडे पैसे उरले होते, ते परत केले. निधी ज्यांच्या नावाचा होता त्यांच्या कन्येला पत्रही लिहायचं होतं. त्या स्वतः ग्रीक शिकलेल्या नव्हत्या, म्हणून त्या पत्रात मी भिंतीपुढे वाकण्याची आणि मान वर करण्याची गोष्ट लिहिली, कलमाचं सोपं भाषांतर दिलं, आणि निम्म्या विणकामाबद्दल मला काय वाटलं तेही. त्यांचं उलट पत्र आलं. त्यांनी विचारलं होतं की म्नामोनबद्दल पुढे काही लिहिणार आहेस का.

चौथ्या वर्षाचा प्रबंध मी त्यावरच लिहिला. भौतिकशास्त्राचे ते सर प्रबंधाच्या सादरीकरणाला येऊन पुढच्या रांगेत बसले होते, आणि पहिला प्रश्न त्यांचाच होता: आठवण ठेवणारा माणूस आणि भिंत यांच्यात मतभेद झाला, तर गॉर्टिनमध्ये कुणाचं ऐकायचे?